उसनं मागणारी माझी जाऊ

माझ्या मोठ्या जाऊबाईंना सगळी बिल्डिंग ‘उसनेकाकू’ म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण चार मजल्यांच्या जिन्यात पाठीमागे बोललेलं कानावर यायला कितीसा वेळ लागतो! त्यांना ते माहीत होतं आणि त्यांना त्याचं कौतुकच वाटायचं. लाज वाटायची ती मला.

दुसऱ्या मजल्यावर आमची दोन घरं शेजारी शेजारी, मधे एक भिंत. मी घरीच शिवणकाम करते. नवं शिवायला कमीच येतं. उंची कमी करा, कंबर सैल करा, चेन बदला, असलीच कामं जास्त. मशीन दाराजवळच्या खिडकीत असल्यामुळे जिन्यावरून कोण चढलं, कोण उतरलं हे मला मान वर न करताही कळतं. जाऊबाई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी चादरींच्या घड्या घातल्या. मोठे दीर पाणीखात्यात, मुलगा एकच. म्हणजे घरात कशाला म्हणून कमी नव्हतं. हातोडी होती, शिडी होती, इस्त्री होती, छत्र्या तर माणसांपेक्षा जास्त. तरीही बिल्डिंगमध्ये नवं बिऱ्हाड आलं की तिसऱ्या दिवशी बाई त्यांच्या दारात हजर. “तुमच्याकडे हातोडी असेल का हो?”

आणि नवी बिऱ्हाडं काही कमी नाहीत. आमच्या रस्त्याच्या टोकाला काचेच्या बाटल्यांचा कारखाना आहे. भट्टीवर काम करायला तिथे कुठून कुठून माणसं येतात. कुणाची भाषा वेगळी, कुणाचा चेहरा वेगळा, कुणाचा देव वेगळा, आणि कुणाला देवच नसतो. त्यातली निम्मी आमच्याकडेच येऊन पडतात. बाकीचे आम्ही जुने लोक काय करायचो? दाराच्या फटीतून बघायचो. सामानात काय काय आहे, माणसं किती आहेत, आवाज किती करतात. मी सगळ्यांत पुढे. माझी खिडकीच मोक्याची.

जाऊबाईंचं मात्र शास्त्र होतं. पहिले दोन दिवस जायचं नाही, कारण तेव्हा माणसाला स्वतःचा टॉवेलसुद्धा सापडत नसतो. मागायची ती वस्तू, खायचं काही नाही. खाल्लेलं परत करता येत नाही. आणि आणलेलं चार दिवस ठेवायचंच, काम पाच मिनिटांत झालं तरी.

“मागायला गेले की एकदा दार उघडतं, परत द्यायला गेले की दुसऱ्यांदा,” त्या म्हणायच्या. “आणि मधले चार दिवस आपली वस्तू खालच्या बाईकडे आहे, हे त्यांच्या डोक्यात राहतं.”

“अहो ताई, त्यापेक्षा माणसानं काही घेऊन जावं. डबाभर काहीतरी.”

“दिलं की माणूस पाहुणा होतो गं. आभार मानतो आणि दार लावून घेतो. मागितलं की त्याला वाटतं, इथे माझ्यावाचून कुणाचं तरी अडलंय. कुणाचं काही अडतच नसेल, तर तो बिचारा इथला होणार कसा?”

मला हे पटायचं नाही. ‘घरात चार छत्र्या असताना पाचवी मागायला निघाल्या,’ असं मी भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं नवऱ्याला सांगायची. तो बिचारा पेपर आणखी वर धरायचा.

तिसऱ्या मजल्यावर एक वेल्डर आणि त्याची बायको राहायला आली तेव्हाचं सांगते. तिला आपली भाषा अजिबात येत नव्हती आणि ती दारच उघडायची नाही. कचरासुद्धा नवरा टाकायचा. जाऊबाई सहा वेळा जाऊन हात हलवत परत आल्या. सातव्यांदा दार चार बोटं उघडलं. जाऊबाईंनी मुठीनं हवेत खिळा ठोकून दाखवला. आतून हातोडी आली, दार बंद. चार दिवसांनी ती परत करायला गेल्या तेव्हा त्यांनी मुद्दाम वाकवलेला एक खिळा बरोबर नेला, तो तिच्यासमोर धरला आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे, मला मेलीला जमत नाही. ती बाई खिळ्याकडे बघत राहिली, मग जाऊबाईंकडे, आणि चपला घालून हातोडीसकट खाली आली. दोन ठोक्यांत नवा खिळा भिंतीत. मग तोंडावर हात ठेवून जी हसायला लागली, ती थांबेचना. जाऊबाईंनी चहा टाकला. पुढच्या वर्षभरात त्यांच्या भिंतीत अकरा खिळे झाले आणि कॅलेंडर एकच. वेल्डरीणबाई जिन्यात थांबून बोलायला लागली, माझ्याकडे कपडे घेऊन यायला लागली. आज नव्या आलेल्या बायकांना दवाखाना कुठे, शाळा कुठे, हे तीच दाखवते.

मोठे दीर गेले आणि पाठोपाठ जाऊबाईंचे गुडघे गेले. दोन जिने उतरायला अर्धा तास लागायला लागला. पुतण्या लांबच्या मोठ्या शहरात नोकरीला, बाराव्या मजल्यावर घर, लिफ्ट आहे. तो म्हणाला, “आई, आता तिथेच चल.” पोरगा गुणी आहे, सूनही समजूतदार. नाही कुणी म्हणायचं आणि कशासाठी? जाऊबाईंनी शिडी, हातोडी, इस्त्री, सगळं पुसून बांधून घेतलं. सून म्हणाली, “आई, आपल्याकडे आहे हे सगळं.” त्या म्हणाल्या, “असू दे गं. कुणी मागायला आलं तर?”

त्या शहराची भाषा त्यांना येत नव्हती. त्याची मला काळजी नव्हती. ज्या बाईनं मुठीनं खिळा ठोकून दाखवला, तिला भाषेचं काय!

चार महिन्यांनी मी आठवडाभर राहायला गेले. जाऊबाईंनी दार उघडलं. त्या निम्म्या झाल्या होत्या. दाराशेजारी खुर्ची होती; दिवसभर तिथेच बसतात, सून म्हणाली. शिडी दारामागे उभी, फडक्यानं पुसून लख्ख. जेवायला बसल्या की चार घास खाऊन ताट सरकवायच्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही म्हणाले.

शेजारी वाईट असते तर मी भांडले तरी असते. पण ती माणसं इतकी चांगली की बोलायला जागा नाही. जगभरातले लोक त्या इमारतीत राहतात आणि नव्यांच्या स्वागतासाठी त्यांची चक्क एक समिती आहे. जाऊबाई आल्या त्याच दिवशी फुलांची टोपली आली, तीन भाषांत लिहिलेलं कार्ड आलं, कुणाला कधीही फोन करा म्हणून नंबरांची यादी आली. कुणी हातातली पिशवी घेतं, कुणी लिफ्ट धरून ठेवतं. समोरच्या घरातली नर्स दर शनिवारी हसून विचारते, काही हवंय का?

“सगळे देऊन जातात गं,” जाऊबाई मला म्हणाल्या. “मागायला कुणीच येत नाही.”

“मग तुम्ही मागा ना. जन्मभर दुसरं केलंय काय?”

“तिथे मी जुनी होते म्हणून मागत होते. इथे मी नवी. नव्या माणसानं मागितलं की लोकांना कीव येते. आणखी एक टोपली आणून देतील.”

ते ऐकलं आणि मला कळून चुकलं की ही बाई औषधानं बरी होणार नाही. कुणीतरी तिचं दार वाजवून काहीतरी मागायला हवं होतं, बास. नाहीतर ती त्या खुर्चीत बसून हळूहळू संपली असती. आणि मला काही सुचलं की ते लगेच केल्याशिवाय चैन पडत नाही. जाऊबाई आंघोळीला गेल्या आणि मी समोरच्या नर्सचं दार वाजवलं. थोडं त्या शहराच्या तोडक्यामोडक्या भाषेत, थोडं हातवाऱ्यांत तिला सांगितलं की बाई गं, त्यांना काही देऊ नका. त्यांच्याकडे काहीतरी मागा. तिनं फार मन लावून ऐकलं. दोनदा मान हलवली. माझा हात हातात घेऊन दाबला. मला वाटलं, काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी नर्स आली आणि शिडी मागितली. काय सांगू! जाऊबाई खुर्चीतून अशा उठल्या की गुडघे आहेत हेच विसरल्या. शिडी कशी उघडायची, कुठली पायरी जरा डगमगते, हे त्यांनी तिला आपल्या भाषेत बजावून सांगितलं आणि तिनंही सगळं समजल्यासारखी मान डोलावली. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. केस विंचरले. संध्याकाळी मला म्हणाल्या, “चार दिवस ठेवेल बघ. शहाणी आहे.” माझा जीव भांड्यात पडला. मीच माझी पाठ थोपटून घेतली.

रविवारी सकाळी अकरा वाजता दाराची बेल वाजली. दारात एक उंच तरुण माणूस, त्याला छत्री हवी होती. बाहेर ऊन इतकं की डोळे दिपत होते. जाऊबाईंनी छत्री दिली. तो जातोय तोवर मागे एक बाई, तिला इस्त्री हवी. तिच्यामागे एक गृहस्थ हातोडीसाठी, आणि त्यांच्या दुसऱ्या हातात स्वतःची हत्यारांची पेटी. मी दारातून बाहेर डोकावले तर कॉरिडॉरमध्ये रांग! नर्सनं माझं म्हणणं समितीत मांडलं होतं. माणसं वेळ काढून, चांगले कपडे घालून आली होती. शेवटी नवव्या मजल्यावरचे एक म्हातारे आजोबा. काय मागायचं हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असणार, पण ऐनवेळी ते विसरले. बराच वेळ आठवत उभे राहिले. मग दोन्ही हात पसरून गोड हसले आणि खुणेनं म्हणाले, काहीही चालेल.

जाऊबाई आत गेल्या आणि त्यांना चहाची गाळणी आणून दिली. वाकून नमस्कार केला. दार लावलं आणि खुर्चीत बसल्या.

“तू सांगितलंस ना त्यांना?”

मी लावलेल्या दाराची कडी पुन्हा एकदा लावली.

“अगं, बाहेर ऊन पडलंय,” त्या म्हणाल्या. रागानं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “उन्हात छत्री मागायला आला पोरगा. मला बरं वाटावं म्हणून.”

“मग काय बिघडलं? तुम्ही तेच तर करत होता ना?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. “तेच विचारतेय. मलाही कधी कशाची गरज नव्हती. मला ह्या लोकांचं लगेच कळलं, तसं त्यांनाही माझं कळलं असेल का गं? तिसऱ्या मजल्यावरचीला? सगळ्यांनाच?”

 माझ्या उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. त्या स्वतःशीच बोलत राहिल्या. “आणि सुरुवात तर तुझ्यापासूनच केली मी. तू आलीस, नुसती रडत बसलेली असायचीस. काय करावं सुचेना. मग तुझी कात्री मागितली. माझ्या ड्रॉवरमध्ये दोन होत्या.”

मी कुठून आले हे सांगायचं राहिलंच. मीही बाहेरचीच. माझं माहेर दूर, भाषा वेगळी, लग्न आम्ही दोघांनी ठरवलेलं आणि घरात कुणाला फारसं न रुचलेलं. आले तेव्हा मला इथले चाळीसेक शब्द येत होते, त्यातले दहा भाज्यांचे. सासूबाई माझ्याशी ओरडून बोलायच्या, मला ऐकू येत नाही असं समजून. तिसऱ्या दिवशी मोठ्या जाऊबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि दोन बोटांनी कात्रीची खूण केली. शिवणारी बाई आपली कात्री कुणाला देत नाही. कुणी कागद कापला की धार गेली. मी दिली. वडिलांनी घेऊन दिलेली कात्री, पण दिली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की या घरात माझ्यावाचून कुणाचं तरी अडलंय. त्यानंतर मी रडले नाही. मशीन मांडलं, भाषा शिकले, तीही जाऊबाईंच्याच तोंडून. चौतीस वर्षं मी त्यांच्या लबाडीला हसले, सगळ्या बिल्डिंगला त्या कशा बनवतात ते चवीनं सांगितलं, आणि माझी कात्री त्यातलीच एक असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

ते असं अचानक, रविवारी सकाळी, दुसऱ्याच कुणाच्या दुःखात सहज बोलताना कळलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. आणि मला लागलं की मी रडत नाही, चावते. हा माझा स्वभाव आहे, त्याला मी आजवर स्पष्टवक्तेपणा म्हणत आले.

“हो, कळत होतं,” मी म्हणाले. “सगळ्यांना कळत होतं. वेल्डरीणबाई हसायची तुम्हाला. मलाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उगाच का उसनेकाकू म्हणायचे?”

वेल्डरीणबाई हसायची हे खरं होतं. कशी हसायची ते मी सांगितलं नाही. “त्या बाईला वर्षभरात खिळा ठोकता आला नाही गं,” असं म्हणून जीव ओवाळून टाकल्यासारखी हसायची.

जाऊबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षं तेच सगळे मला सांभाळून घेत होते.” आणि मग अगदी हळू, “मला वाटत होतं, मी सांभाळतेय.”

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच.

दोन दिवसांत सगळ्या वस्तू परत आल्या. स्वच्छ पुसून, प्रत्येकीबरोबर आभाराचं कार्ड. जाऊबाईंनी त्या एका खोक्यात भरल्या, शिडी खोक्याला टेकवली आणि पुतण्याला म्हणाल्या, “कुणाला हव्या असतील तर देऊन टाक.” दाराशेजारची खुर्ची त्यांनी स्वतः ओढत आत नेली. मी निघाले तेव्हा माझ्या हातात डबा दिला, प्रवासात खा म्हणाल्या. लिफ्टपर्यंत आल्या. लिफ्टचं दार बंद व्हायला चांगला वेळ लागतो. तेवढ्यातही मी म्हणू शकले असते, की त्या दिवशी मी खोटं बोलले.

घरी आल्यावर दर रविवारी फोन करायची. प्रत्येक वेळी ठरवून करायची. पण गुडघे कसे आहेत, हवा कशी आहे, माझा नवरा कसा आहे, यातच बोलणं संपायचं. त्या आता कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नव्हत्या. सून सांगायची, खूप शांत झाल्यात, अजिबात त्रास देत नाहीत. मी म्हणायची, पुढच्या रविवारी सांगू. फोनवर नको, तोंडावर सांगू. सुट्टीत जाऊ तेव्हा सांगू.

सहाव्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. दुपारी जेवून पलंगावर बसल्या होत्या, तशाच गेल्या.

आमच्या बिल्डिंगमधून बस करून माणसं आली. बाराव्या मजल्यावर एवढी माणसं मावेनात, जिन्यात उभी राहिली. वेल्डरीणबाई हुंदके देऊन रडत होती आणि समोरची नर्स तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. नर्सनं मला बघितलं आणि जवळ येऊन म्हणाली, फार चांगल्या होत्या, शेवटपर्यंत कुणाकडे काही मागितलं नाही. तिला ते कौतुकानं म्हणायचं होतं.

पुतण्यानं मला पुढे बोलावलं. मी वाकले, जाऊबाईंच्या कानाशी तोंड नेलं. ताई, मला कळलं नव्हतं. देवाशपथ कळलं नव्हतं. मला खरंच वाटलं होतं की तुमचं माझ्यावाचून अडलंय, आणि त्यावरच मी जगले. सगळं बोलले. बोलून झाल्यावर वर बघितलं तर पुतण्या, सून, माझा नवरा, सगळे माझ्याकडे नुसते बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की मी माहेरच्या भाषेत बोलत होते. चौतीस वर्षांत त्यातला एकही शब्द मी जाऊबाईंना शिकवला नव्हता.